माघारी न येणारा चढाईपटू

वाचकहो, अतिश्रमाने खेळ कसा बिघडतो, याचे आता सविनय कथन करतो.

कोल्हापुरातील एका कचेरीत कबड्डीचा व्हिडिओ गेम सिद्ध होत होता. त्यापायी त्याची आज्ञावली लिहिणारी ऊर्मिला महिनाभर धड निजली नव्हती. दुपारी खरेदीदार येणार, म्हणून मालक साळुंके स्वतः खेळून पाहत होते. त्यांचा चढाईपटू प्रतिपक्षाच्या अंगणात शिरला आणि बटणे दाबूनही तेथेच घुमत राहिला.

"हा माघारी का येत नाही गं?"

आता नोकरी जाणार, या भयाने ऊर्मिला उठून उभी राहिली. "सर, माघारी यायचं लिहायचंच राहिलं."

"तू घरी कधी गेली होतीस?"

"आठवत नाही, सर."

"मग त्याला तरी काय आठवणार?" मालक खो खो हसले आणि त्यांनी खरेदीदारांना फोन लावला. "सोमवारी या. आमची माणसं आज झोपायला चाललीत."

वाचलेत, उपकृत आहे. दगडू भिवा लोंढे.