अडगळीतला फोन

कॉल वळवण्याआधी तो करणारा कोण आहे ते बघायचं, असं तिला काम शिकवणारे मास्तर सांगायचे. तिने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं. आज साहेब तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले, तेव्हाही तिला ते आठवलं नाही.

"माझ्याकडे बाहेरचे कॉल येत नाहीयेत," ते म्हणाले. "सकाळपासून एकही नाही. बघतेस का जरा?"

"बघते ना, सर."

तिने आपल्या टेबलावरून त्यांना फोन लावला. तिकडे घंटा छान वाजली. म्हणजे आतले कॉल येत होते, बाहेरचे तेवढे मधेच कुठेतरी गडप होत होते. ऑफिसचे सगळे फोन इंटरनेटवरून चालायचे. कुठला कॉल कुणाकडे जायचा ते सर्व्हरवरचे नियम ठरवायचे, आणि त्या नियमांची देखभाल हेच तिचं काम होतं. वरचा नियम लागू पडला की सर्व्हर खालचे वाचायच्या भानगडीत पडत नाही. तिने साहेबांना हे सगळं नीट समजावलं, बाहेरून येणाऱ्या लाइनवर संशय घेतला, सर्व्हर-खोलीत एक चक्करही मारून आली.

सगळ्यात वरचा नियम काल तिनेच लिहिलाय, तेवढं मात्र सांगितलं नाही.

साहेबांचे बाहेरचे सगळे कॉल, थेट आलेले आणि रिसेप्शनवरून जोडलेलेही, त्या नियमाने अडगळीच्या खोलीत जात होते. तिथे मोडक्या खुर्च्यांमागे एक जुना फोन होता. त्याची घंटा तिने बंद करून ठेवली होती. पलीकडच्याला वाटावं, फोन वाजतोय पण कुणी उचलत नाही.

तिच्या टेबलावरच्या फोनला बाहेरचे कॉल येत नसत, आणि मोबाइल दारापाशी खणात ठेवावा लागे. गेल्या थंडीत तिच्या लेकीला, बबडीला, ताप भरला तेव्हा पाळणाघरातल्या मावशींनी ऑफिसला फोन केला. तो साहेबांनी घेतला. ती कामात आहे, निरोप देतो, म्हणाले आणि विसरून गेले. संध्याकाळी ती पोचली तेव्हा दीड वर्षांची बबडी झटके येऊन दवाखान्यात निपचित पडली होती, इवल्याशा हाताला सलाइन लावलेलं. पोर वाचली. साहेबांनी खाली मान घालून माफी मागितली. "असू दे, सर," ती म्हणाली आणि मनाशी खूणगाठ बांधली.

तेव्हापासून उठता-बसता तिचा हात पोरीच्या कपाळावर असायचा. आज सकाळीही अंग जरा कोमटच लागलं होतं. औषध पाजून, मावशींना चार चारदा बजावून ती निघाली होती. साहेबांनी मधे तिच्याकडून पाळणाघराचा नंबर मागून घेतला होता. रजेची खातरजमा करायला, दुसरं काय. तोही तिने दिला, दातओठ खात.

आणि आज बड्या ग्राहकाचा फोन यायचा होता. साहेबांची बढती त्या एका फोनवर लटकली होती, हे ऑफिसात पाणी देणाऱ्यालाही ठाऊक होतं. तिने दिवस उगाच नव्हता निवडला.

दुपारी साहेब परत आले. हातात चहाचा कप, चहावर साय धरलेली.

"काही लागलं का हाताला?"

"शोधतेय, सर. एवढी घाई आहे?"

"आहे." ते जरा घुटमळले. "बबडी बरी आहे ना?"

त्यांच्या तोंडी ते नाव ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"उत्तम आहे. तुम्ही ग्राहकाची काळजी करा, सर."

ते मान हलवून गेले.

त्यांची पाठ वळल्यावर ती अडगळीच्या खोलीत शिरली. एकदा डोळे भरून बघायचं होतं, बस. काळोखात फोनचा लाल दिवा लुकलुकत होता. कॉल येत होता. ती एका मोडक्या खुर्चीवर टेकली आणि सिनेमा बघावा तशी त्या दिव्याकडे बघत राहिली. वाज म्हणावं. वाजत बस. कळू दे, कसं वाटतं ते.

दिवा विझला. लगेच पुन्हा लागला. पुन्हा विझला, पुन्हा लागला. ग्राहक भलताच चिवट निघाला.

तिला राहवलं नाही. त्याचा वैतागलेला आवाज ऐकायचा आणि फोन ठेवून द्यायचा. तिने हलकेच रिसीव्हर कानाला लावला. बोलली नाही.

"उचललात बाई एकदाचा. साहेब, केव्हापासून लावतेय मी. रिसेप्शनवाली पण तुमच्याच फोनला जोडून देते. तुम्हीच म्हणाला होतात ना, पहिला फोन मला करा, मी स्वतः उठून तिला पाठवीन म्हणून? पोरीचं अंग भाजतंय हो, आता डोळे पण फिरवायला लागलीय. तिची आई कुठे आहे, तेवढं बघा ना."