अडतीस नंबर

"हलू नकोस," म्हणत हेमाने सरोजच्या टीशर्टवरचा अडतीस नंबर पिनांसकट काढला आणि स्वतःच्या छातीवर टोचला. लहान मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी निधी जमवायला काढलेल्या चाळीस किलोमीटरच्या पदयात्रेत अर्ध्या वाटेवर डॉक्टरांचा मांडव होता. तपासणीत जो नापास, तो तिथूनच गाडीत. सरोजला वर्षभर ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू होत्या, आणि मघाच्या चढावर तिला चांगलीच धाप लागली होती.

"कळलं तर, हेमे?"

"जुळ्या आहोत आपण. आईचासुद्धा अजून घोळ होतो, डॉक्टरला काय कळणार? आधी तुझी तपासणी देते, मग माझी. शाळेत तुझी गणिताची तोंडी मीच दिली होती, विसरलीस?"

मांडवात हेमा ऐटीत खुर्चीवर बसली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, सरकवली, पुन्हा लावली. मग मशीनमधून निघालेली कागदाची पट्टी त्यांनी दोनदा पाहिली. हेमाने छातीवरचा नंबर उगाच सारखा केला. यांनी अदलाबदल ओळखली की काय?

"सोबत कोण आहे?"

सरोज धावत आत आली.

"यांना आता एक पाऊलही चालू देऊ नका. ठोके चुकताहेत. ॲम्ब्युलन्स बोलावतोय." अडतीस नंबरचा फॉर्म चाळत डॉक्टर म्हणाले, "गोळ्या वेळेवर घेत नाहीत वाटतं?"

हेमाने बहिणीकडे पाहिलं. सरोजने कमरेच्या पाऊचमधली डबी काढून टेबलावर ठेवली.

"गोळ्या माझ्या आहेत, डॉक्टर. हिला तर कधी काही झालंच नव्हतं."