पैकीच्या पैकी

इयरफोन बाहेरचा आवाज किती अडवतात, हे तपासायची ओगाताची एक ठरलेली पद्धत होती. ते कानात घालून तो गाणं लावायचा आणि स्वयंपाकघरातून बायको, नात्सुए, हाक मारायची, "अहो, मिसो सूप निवतंय." हाक ऐकू आली की मार्क कापलेच.

हल्ली मात्र तो सगळ्यांनाच पैकीच्या पैकी देत सुटला होता. शेवटी तो ज्या मासिकासाठी इयरफोन तपासून लिहायचा, त्याच्या संपादिकेने फोन केला. "ओगाता-सान, शंभर येनवाल्या दुकानातल्या इयरफोनलाही? कंपनीवाले जेवू घालतात वाटतं."

"खरंच काही ऐकू आलं नाही हो," तो म्हणाला. "दोनदा गाणं लावून बघितलं."

 

फोन ठेवून त्याने इयरफोन पुन्हा कानात घातले, आणि नात्सुएच्या फोटोपुढची उदबत्ती विझेपर्यंत स्वयंपाकघराकडे कान लावून बसला.