आढ्याची कणसं

शेतकी प्रदर्शनात गोऱ्या साहेबानं पाटलाच्या शाळूला पहिलं बक्षीस दिलं. परतताना गाडीत ठकूबाईचा नवरा धुमसत होता. "घरी आढ्याला यापरीस टपोरी कणसं टांगल्यात. ती का न्हाई आणलीस?"

"अहो, बियाणं हाय ते. बियाणं का कुणी चारचौघांत मांडतं? दिष्ट लागंल."

पेरणीच्या तोंडावर पाटलीणबाई रिकामं सूप घेऊन दारात आली. बक्षिसाची सगळी कणसं साहेबानं पुण्याला दाखवायला नेली, ती परत आलीच नव्हती. ठकूबाईनं आढ्याची निम्मी कणसं उतरवली, चुरली आणि सूप भरून दिलं.

पुढच्या साली बक्षीस पुन्हा पाटलालाच मिळालं. नवऱ्यानं तोंड फिरवलं. ठकूबाई मात्र पाटलाच्या कणसांपुढून हलेना.

"रुसता कशाला?" ती हसली. "आपली लेक चांगल्या घरी नांदतीया."