पहिला नारळ

नारळी पौर्णिमेला बंदरातल्या सगळ्या होड्या पताकांनी सजल्या होत्या. दर्याला पहिला नारळ वाहायचा मान दरवर्षी म्हाताऱ्या जोमाचा, बंदरातल्या सगळ्यात जुन्या तांडेलाचा, म्हणजे होडीच्या कप्तानाचा. यंदा मात्र तो सोनेरी कागदातला नारळ घेऊन थेट हिरूसमोर उभा राहिला.

"पोरी, गेल्या वादळात स्वतःची जाळी कापून टाकलीस नि आमची बंद पडलेली होडी ओढत आणलीस. आमची माणसं घरी आली ती तुझ्यामुळे. आजचा मान तुझा."

गर्दीत हिरूचा बाप धाकू उभा होता. पोरीच्या हाती होडी दिली म्हणून याच बंदराने त्याला नावं ठेवली होती.

हिरू गुडघाभर पाण्यात उतरली. नारळ लाटेवर गेला आणि होड्याहोड्यांवरून भोंगे वाजले.

शेजारच्या पाहुण्याने विचारलं, "ही कोण हो?"

"आमच्या होडीची तांडेल," धाकू ताठ मानेने म्हणाला. "आणि लेक माझी."