लोंढ्यांची पत्रिका

"नवा प्रोसेसर या जुन्या मदरबोर्डात बसणारच नाही, काकू. दोन्ही बदलू," म्हणत हर्षदने खोक्यातून नवा बोर्ड काढला. लग्नाच्या निमंत्रणपत्रिका टाइप करून देणाऱ्या कुमुदताईंचा कॉम्प्युटर आताशा फारच रेंगाळायचा.

त्यांनी बोर्ड उलटसुलट करून पाहिला. "आणि माझं लॉक कुठे लावायचं?"

त्यांचं मराठी फाँटचं जुनं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरच्या मागच्या रुंद पोर्टात लॉकची छोटी डबी खोचल्याशिवाय उघडतच नसे. नव्या बोर्डाला तसला पोर्टच नव्हता.

"ते मोडीत काढा आता. नव्या फाँटात टाइप करा सगळं."

"बावीस वर्षांच्या पत्रिका? अरे, लोक थोरल्याच्या पत्रिकेवरूनच धाकट्याची करून घेतात. तुझीही तशीच करायचीय ना? बघ."

त्यांनी हर्षदच्या बहिणीच्या पत्रिकेची फाइल उघडली. ओळी सावकाश उमटत गेल्या. बहिणीच्या जागी त्यांनी हर्षदचं नाव घातलं, 'कन्या'चं 'चिरंजीव' केलं आणि कर्सर 'श्री. बाजीराव लोंढे' इथे नेऊन ठेवला. हर्षदच्या वडिलांना जाऊन वर्षही झालं नव्हतं.

"श्री.चं कै. करते," त्या हळूच म्हणाल्या.

"करा. पण आधी अशीच एक प्रिंट काढून द्या."

ती प्रिंट दुमडू नये म्हणून त्याने मदरबोर्डाच्या खोक्यात सपाट ठेवली.

"बोर्ड जुनाच राहू द्या, काकू. यात बसणारा जुन्यातला जलद प्रोसेसर मी शोधून आणतो."