व्हर्लिनचा भरवसा

गॅल्व्हस्टन बंदरातून निघालेल्या क्रूझवर व्हर्लिन सकाळी एकटाच डेकवर फिरायला गेला आणि कठड्यावरून तोल जाऊन समुद्रात पडला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. दुपारी त्याची बायको लॉर्ना जहाजाच्या चौकशी काउंटरवर येऊन ओरडायला लागली, "माझा नवरा सापडत नाहीये, आत्ताच्या आत्ता शोधा त्याला!" स्पीकरवरून पुन्हा पुन्हा पुकारूनही तो आला नाही, तेव्हा कॅमेरे तपासले गेले आणि जहाज मागे वळलं. सूर्य बुडायच्या आत तो जिवंत सापडला.

जहाजाच्या दवाखान्यात ब्लँकेटमध्ये गुंडाळलेल्या व्हर्लिनने तिचा हात धरला.

"नाकातोंडात पाणी जात होतं गं. पण मनाला म्हटलं, बाबा, हात मारत राहा. तुझ्यावाचून लॉर्नाला करमायचं नाही. ती आख्खं जहाज डोक्यावर घेईल."

"घेतलंच की त्यांनी!" नर्स डोळे पुसत म्हणाली. "नशीबवान आहात हो, काका."

लॉर्नाची मान काही वर होईना.



ती काउंटरवर गेली होती, कारण बिंगोचा खेळ सुरू व्हायला आला होता आणि दोघांची तिकिटं व्हर्लिनच्या खिशात होती.